निवृत्त फायरमनच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन कसं सुरू करून घ्यावं

अग्निशमन दलातून निवृत्त झालेली व्यक्ती गेली की घरच्यांची धावपळ बहुधा चुकीच्या दारातून सुरू होते. कोणी वारस दाखल्यासाठी अर्ज करतं, कोणी वकिलाकडे जाऊन उत्तराधिकार प्रमाणपत्राचा खर्च विचारतं. हयात पत्नीला किंवा पतीला पेन्शन सुरू करून घ्यायला यातलं काहीच लागत नाही. कुटुंब निवृत्तिवेतन ही मृताची मालमत्ता नाही, त्यामुळे ते वारसाहक्काने वाटलं जात नाही आणि मृत्युपत्राने कोणाला देताही येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे १९९१ मध्येच स्पष्ट केलं आहे. ते कोणाला मिळणार हे नियम ठरवतो. निवृत्तीच्या वेळी निघालेल्या पीपीओत, म्हणजे निवृत्तिवेतन प्रदान आदेशात, जोडीदाराचं नाव आणि पश्चात मिळायची रक्कम आधीच लिहिलेली असते. तुम्हाला दोनच गोष्टी सिद्ध करायच्या असतात. पेन्शनर वारले, आणि अर्ज करणारी व्यक्ती पीपीओतलीच आहे. बाकीचे कागद या दोन गोष्टींसाठी असतात, हे ध्यानात ठेवलं की खिडकीवर कोणी भलताच दाखला मागितला तर ‘हा कोणत्या नियमाने लागतो, ते लेखी द्या’ असं शांतपणे म्हणता येतं.

पैसे कोण देतं

महाराष्ट्रात अग्निशमन दल एकाच खात्याचं नाही. मुंबईचं दल बृहन्मुंबई महानगरपालिकेचं, पुण्याचं पुणे महापालिकेचं, लहान शहरांत नगरपरिषदेचं, औद्योगिक वसाहतीत औद्योगिक विकास महामंडळाचं. पेन्शनही तीच संस्था देते. अग्निशमन सेवा संचालनालयाकडे किंवा ज्या केंद्रावर शेवटची नोकरी झाली तिथे अर्ज देऊन काही होत नाही. केंद्रावरचे लोक मदत करतात, फोन लावून देतात, पण सेवापुस्तक आस्थापना विभागात असतं आणि पेन्शनची फाइल लेखा विभागाच्या निवृत्तिवेतन शाखेत. अर्ज तिथेच द्यायचा.

बहुतेक महापालिका आणि नगरपरिषदांमध्ये ‘महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, १९८२’ लागू आहेत. त्यातला नियम ११६ कुटुंब निवृत्तिवेतनाचा. मुंबई महापालिकेचे निवृत्तिवेतन नियम स्वतंत्र आहेत. खालचे हिशेब तिथे ताडून पाहावेत.

नोकरी कधी लागली हेही महत्त्वाचं. राज्य शासनाची जुनी पेन्शन १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्यांना आहे. मुंबई महापालिकेत ही तारीख ५ मे २००८ आहे. त्यानंतर लागलेली व्यक्ती निवृत्त होऊन वारली असेल, तर महापालिकेच्या पेन्शन शाखेपेक्षा ज्या विमा कंपनीकडून वार्षिकी, म्हणजे भांडवल भरून ठरावीक रक्कम नियमित मिळण्याची सोय, घेतली होती तिचं प्रमाणपत्र आधी शोधा. निवृत्तीच्या वेळी कोणता पर्याय निवडला होता त्यावर पत्नीला पुढे रक्कम मिळते की नाही, आणि मूळ भांडवल परत येतं की नाही, हे ठरतं. खासगी कारखान्याच्या फायर विभागातून निवृत्त झालेल्यांचं दार पुन्हा वेगळं. तिथे भविष्यनिर्वाह निधी कार्यालयाची १९९५ ची पेन्शन योजना लागू असते. पत्नीला सदस्याच्या पेन्शनच्या निम्मी, किमान दरमहा १,००० रुपये, आणि २५ वर्षांखालच्या दोन मुलांना प्रत्येकी पत्नीच्या पेन्शनच्या २५ टक्के. अर्ज फॉर्म १०-डी वर.

पहिल्या पंधरवड्यात

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत विनाशुल्क होते. तीस दिवसांपर्यंत विलंब शुल्क लागतं, त्यापुढे परवानगी, आणि वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश. रुग्णालयात मृत्यू झाला असेल तर नोंद रुग्णालयच पाठवतं, पण नाव कसं लिहिलंय ते दाखला निघायच्या आधी पाहा. पुढच्या सगळ्या अडचणींचं मूळ बहुतेक वेळा या एका ओळीत असतं. पीपीओवर जसं नाव आहे तसंच, त्याच क्रमाने आणि त्याच स्पेलिंगने, दाखल्यावर यायला हवं. दाखल्याच्या पाच-सहा मूळ प्रती एकदमच घ्या. बँक, लेखा विभाग, विमा, पतपेढी, गॅस, घरपट्टी असे सगळेच एकेक मागतात.

दाखला हातात यायची वाट न पाहता बँकेला आणि पेन्शन शाखेला साध्या कागदावर कळवा. पेन्शनरचं नाव, पीपीओ क्रमांक, मृत्यूची तारीख आणि अर्जदाराचा मोबाइल नंबर एवढं पुरतं. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. उद्या ‘तुम्ही कळवलंच नाही’ असं कोणी म्हटलं तर हाच कागद उपयोगी पडतो.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. एटीएम कार्ड घरातच असतं, पिन मुलाला माहीत असतो आणि अंत्यविधीचा खर्च समोर असतो. मृत्यूनंतर जमा झालेली पेन्शन त्या कार्डाने काढली जाते. पेन्शन मृत्यूच्या दिवसापर्यंतचीच, तो दिवस धरून, देय असते. कुटुंब निवृत्तिवेतन दुसऱ्या दिवसापासून सुरू होतं. १२ एप्रिलला मृत्यू झाला आणि एप्रिलची पूर्ण पेन्शन जमा झाली, तर १८ दिवसांची रक्कम परत जाणार आणि त्याच १८ दिवसांचं कुटुंब निवृत्तिवेतन नव्या आदेशाने मिळणार. पैसे खात्यात असतील तर हा हिशेब आपोआप जुळतो. काढलेले असतील तर वसुलीचं पत्र येतं आणि ती मिटेपर्यंत फाइल पुढे सरकत नाही.

अर्जाबरोबर काय लागतं

पेन्शन शाखेत छापील अर्ज मिळतो. त्यासोबत मृत्यू दाखला, पेन्शनरकडचा पीपीओ, अर्जदाराचं आधार आणि पॅन, जन्मतारखेचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो, बँक पासबुकाचं पहिलं पान किंवा रद्द केलेला धनादेश, नमुना सह्या, शरीरावरच्या दोन ओळखखुणा आणि जादा रक्कम जमा झाल्यास परत करण्याचं हमीपत्र जोडायचं. पुनर्विवाहासंबंधीचं घोषणापत्रही मागतात. सही येत नसेल तर अंगठ्याचा ठसा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकित करून घ्या. आईंना सही येत असेल पण हात थरथरतो, तर कामचलाऊ सहीपेक्षा अंगठा बरा, कारण सही जुळत नाही म्हणून बँक पुढे दर वेळी अडवत राहते.

जन्मतारखेचा पुरावा पुष्कळजण कसातरी भागवतात. आज त्याने अडत नाही. पण ८० वर्षं पूर्ण झाली की कुटुंब निवृत्तिवेतनात वयानुसार वाढ मिळते आणि पुढे दर पाच वर्षांनी ती वाढत जाते. ही वाढ मृत पेन्शनरच्या वयावर नाही, अर्जदाराच्या स्वतःच्या वयावर मिळते. पीपीओत जोडीदाराची जन्मतारीख नसेल किंवा नुसतं ‘वय अंदाजे ५५’ लिहिलं असेल, तर या अर्जाबरोबरच शाळा सोडल्याचा दाखला किंवा पॅन देऊन तारीख नोंदवून घ्या. वीस वर्षांनी हे काम करणं फार जड जातं.

खात्याबद्दल. पेन्शन पती-पत्नीच्या संयुक्त खात्यात, ‘दोघांपैकी कोणीही किंवा हयात असलेला’ या पद्धतीने येत असेल, तर तेच खातं मृताचं नाव कमी करून चालू ठेवण्याची मागणी करा. तसं नसेल तर अर्जदाराच्या एकटीच्या नावाने बचत खातं उघडा. मुलाबरोबरचं संयुक्त खातं बहुतेक लेखा विभाग नाकारतात आणि ते बरंच आहे.

पीपीओ सापडत नसेल तर पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची नोंद करून दुय्यम प्रत मागा. क्रमांक बँकेकडे असतोच.

रक्कम कशी मोजायची

लेखा विभागावर विश्वास ठेवा, पण आकडा स्वतः काढून पाहा. तीन ओळींचा हिशेब आहे.

नेहमीचं कुटुंब निवृत्तिवेतन म्हणजे शेवटच्या मूळ वेतनाच्या ३० टक्के. मूळ वेतन म्हणजे मूळच. धोका भत्ता, धुलाई भत्ता, रात्रपाळीचे किंवा जादा कामाचे पैसे यात येत नाहीत. अग्निशमन दलात हातात पडणारा पगार आणि मूळ वेतन यांत अंतर मोठं असतं, म्हणून घरच्यांना आकडा कमी वाटतो. तो चुकलेला असेलच असं नाही.

निवृत्तीनंतर लवकर मृत्यू झाला तर काही काळ वाढीव दर मिळतो. शेवटच्या वेतनाच्या ५० टक्के किंवा नेहमीच्या कुटुंब निवृत्तिवेतनाच्या दुप्पट, यांतली कमी रक्कम, आणि तीही मंजूर झालेल्या मूळ पेन्शनपेक्षा जास्त नाही. मुदत मृत्यूच्या दुसऱ्या दिवसापासून सात वर्षं, किंवा मृत व्यक्ती हयात असती तर ६५ वर्षांची झाली असती त्या तारखेपर्यंत, यांत जे आधी येईल ते.

समजा, जन्म १० जून १९६१. निवृत्ती ५८ व्या वर्षी, ३० जून २०१९ ला. शेवटचं मूळ वेतन ६०,००० रुपये, पूर्ण पेन्शन ३०,०००. त्यातली ४० टक्के अंशराशीकरणात, म्हणजे एकरकमी पैसे घेऊन, विकली, म्हणून दरमहा मूळ पेन्शन १८,००० येत होती. मृत्यू १२ एप्रिल २०२३. नेहमीचं कुटुंब निवृत्तिवेतन १८,०००, दुप्पट ३६,०००, वेतनाच्या निम्मे ३०,०००. म्हणजे वाढीव दर ३०,००० रुपये. सात वर्षं २०३० मध्ये संपतात, पण ६५ वर्षं जून २०२६ मध्ये पूर्ण होतात, म्हणून ३०,००० तिथपर्यंतच. पुढे १८,०००. या दोन्ही आकड्यांवर महागाई वाढ वेगळी.

या हिशेबात एक गोष्ट लपलेली आहे. वडील असताना १८,००० येत होते आणि ते गेल्यावर आईला ३०,००० मिळतात. हे बरोबर आहे. अंशराशीकरणाची कपात पेन्शनरच्या हयातीपुरतीच असते, कुटुंब निवृत्तिवेतनातून ती होत नाही. अनेक फाइलींमध्ये नेमकं इथेच चुकतं. कारकून कपातीनंतरची रक्कम आधार धरतो किंवा विकलेला भाग परत सुरू होण्याची १५ वर्षं पूर्ण व्हायची म्हणून कपात पुढे चालूच ठेवतो. मंजुरी आदेशात ‘अंशराशीकृत भाग’ अशी वजावट दिसली तर लगेच लेखी हरकत घ्या.

दुसरी नेहमीची चूक जुन्या निवृत्तांच्या बाबतीत. १ जानेवारी २०१६ पूर्वी निवृत्त झालेल्यांची मूळ पेन्शन आणि कुटुंब निवृत्तिवेतन सातव्या वेतन आयोगात २.५७ ने गुणून सुधारित व्हायला हवं होतं. पेन्शनरची पेन्शन सुधारली जाते, पण पीपीओतली कुटुंब निवृत्तिवेतनाची ओळ जुनीच राहते. मृत्यूनंतर बँक त्या जुन्या आकड्यावर पैसे सुरू करते. पीपीओला सुधारित आदेश जोडलेला आहे का आणि त्यात दोन्ही आकडे आहेत का, ते पाहा. सातव्या आयोगानंतर राज्याच्या नियमांप्रमाणे किमान रक्कम ७,५०० रुपये आहे. त्याखाली आकडा दिसला तर काहीतरी नक्की राहिलंय.

वाढीव दर संपला की रक्कम एकदम खाली येते आणि घाबरून लोक तक्रार करतात. आदेशातली ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच लिहून ठेवा. उलटही घडतं. बँक तारीख विसरते, वाढीव रक्कम चालूच राहते आणि तीन वर्षांनी लाखभराची वसुली निघते. तारखेनंतरही रक्कम कमी झाली नाही तर स्वतःहून कळवणंच शहाणपणाचं.

नाव जुळत नाही तेव्हा

पीपीओवर ‘सुमन’, आधारवर ‘सुमनबाई’, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं ‘शकुंतला’. असं अर्ध्या घरांत असतं. किरकोळ फरकाला, म्हणजे बाई, ताई, राव किंवा स्पेलिंगला, ‘या नावांची व्यक्ती एकच’ असं प्रतिज्ञापत्र आणि जुना कागद पुरतो. सेवापुस्तकातला कुटुंबाचा तपशील किंवा सेवेत असतानाचा पती-पत्नीचा संयुक्त फोटो असला तर उत्तम. नावच वेगळं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची जाहिरात लागते. आधार बदलून घेण्याआधी कोणतं नाव कायम ठेवायचं ते ठरवा. पीपीओ बदलण्यापेक्षा आधार दुरुस्त करणं सोपं असतं.

पीपीओत पत्नीचं नावच नसेल, निवृत्तीनंतर लग्न झालं असेल, तर विवाह प्रमाणपत्रासह नाव नोंदवण्याचा वेगळा अर्ज करावा लागतो. पेन्शनर हयात असतानाच तो केलेला असला तर काम चौपट सोपं.

दोन पत्नींचा प्रश्न नाजूक, पण टाळून चालत नाही. नियम ११६ मध्ये एकापेक्षा अधिक विधवांना समान वाटा असं लिहिलं आहे आणि त्या ओळीवर भिस्त ठेवून अनेकजणी अर्ज करतात. पहिली पत्नी हयात असताना, घटस्फोट न होता झालेलं दुसरं लग्न हिंदू विवाह कायद्याने अवैध असतं. अशा विवाहातल्या पत्नीला हा वाटा मिळत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २०१९ मध्ये ठरवलं. तिच्या मुलांचा हक्क मात्र यामुळे जात नाही. घरात हा वाद असेल तर मुलांचा अर्ज वेगळा आणि वेळेत द्या.

जोडीदारही हयात नसेल तर

मग क्रम मुलांचा, जन्माच्या क्रमाने, एका वेळी एकच. १९८२ च्या नियमांतली मूळ मर्यादा मुलाला २१ वर्षं आणि मुलीला २४ वर्षं किंवा लग्न. अविवाहित मुलींसाठी राज्य शासनाने वयाची ही अट नंतर सैल केली आहे. महापालिकेत मात्र शासन निर्णय आपोआप लागू होतोच असं नाही. स्वीकारल्याचं परिपत्रक आस्थापनेकडून मागून घ्या. कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला ही पेन्शन आजन्म मिळू शकते. त्यासाठी अपत्य स्वतःचा उदरनिर्वाह करू शकत नाही असं जिल्हा शल्यचिकित्सकाच्या दर्जाचं वैद्यकीय प्रमाणपत्र लागतं. नुसत्या दिव्यांगत्वाच्या टक्केवारीच्या कार्डावर भागत नाही. असं अपत्य घरात असेल तर आई-वडील असतानाच त्याचं नाव पीपीओत घालून घ्या.

मृत्यूच्या दिवसापर्यंतची न मिळालेली पेन्शन किंवा वेतन आयोगाची थकबाकी हे वेगळं खातं. ते नामनिर्देशनाप्रमाणे जातं आणि नामनिर्देशन नसेल तर इथे वारसाचा पुरावा खरोखरच लागतो. याच्यासाठी कुटुंब निवृत्तिवेतनाचा अर्ज थांबवू नका. दोन अर्ज, दोन आवक क्रमांक.

दलातल्या लोकांच्या दोन खास गोष्टी

केंद्राच्या आवारातलं सेवानिवासस्थान निवृत्तीनंतर वेळेत रिकामं झालं नसेल तर दंडनीय भाडं चढलेलं असतं. ती थकबाकी नियमाने उपदानातून, म्हणजे ग्रॅच्युइटीतून, वळती होते. ‘आधी ना-देय प्रमाणपत्र आणा, मगच कुटुंब निवृत्तिवेतन’ असं सांगितलं गेलं तर त्यामागचा नियम लेखी मागा. पतपेढीच्या कर्जाचंही तसंच. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० मध्ये शासनाच्या आणि स्थानिक प्राधिकरणाच्या निवृत्तिवेतनाला जप्तीपासून संरक्षण आहे. आईंनी स्वतः संमतीपत्रावर सही करून कपात सुरू करून दिली तर ते संरक्षण उपयोगाचं राहत नाही, म्हणून पतपेढीतून आलेल्या छापील कागदावर घाईत सही नको.

कर्तव्यावरच्या दुखापतीमुळे किंवा धुराने फुप्फुसं खराब होऊन आधी निवृत्ती आणि मग मृत्यू झाला असेल, तर इजेशी संबंधित जादा लाभाचा दावा वेगळा करावा लागतो. तो भावनेवर नाही, कागदावर टिकतो. त्या दिवसाची वर्दी पुस्तकातली (केंद्रावर आलेल्या कॉलची) नोंद, अपघात अहवाल, रुग्णालयाची त्या वेळची कागदपत्रं आणि मृत्यूच्या कारणाचं वैद्यकीय प्रमाणपत्र यांच्यात सलग धागा दिसला पाहिजे. केंद्रावरची जुनी दप्तरं कायम राहत नाहीत. नोंदीच्या प्रमाणित प्रती लगेच मागा.

सुरू झाल्यावर

दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला. बँकेत जाऊन, किंवा ‘जीवन प्रमाण’ या सरकारी ऑनलाइन सेवेवर बोटांच्या ठशाने वा चेहऱ्यावरून. ठसे उमटत नसतील तर चेहऱ्याचा पर्याय वापरा. तिथे पीपीओ क्रमांक आणि पेन्शनचा प्रकार टाकताना स्वतःचं नव्हे तर ‘कुटुंब निवृत्तिवेतन’ निवडायचं असतं. हे चुकलं की दाखला स्वीकारल्याचा संदेश येतो, पण डिसेंबरमध्ये पैसे येत नाहीत.

ही रक्कम आयकरात पगार नव्हे, तर इतर स्रोतांपासूनचं उत्पन्न धरतात. एक तृतीयांश किंवा ठरलेली मर्यादा, यांत कमी असेल तेवढी वजावट मिळते. मर्यादा जुन्या करप्रणालीत १५,००० आणि नव्या प्रणालीत आर्थिक वर्ष २०२४-२५ पासून २५,००० रुपये. पगारासारखी उद्गम कपात (टीडीएस) होत नसल्याने कर लागत असेल तर तो स्वतः भरायचा असतो.

अडलं तर

पूर्ण कागदपत्रांसह अर्ज देऊन दोन-तीन महिने उलटले तर स्मरणपत्रांच्या जोडीला माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘पेन्शन का मिळाली नाही’ असं विचारू नका, कारण ‘का’ला उत्तर देणं ते टाळतात. अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या तारखेला कोणत्या टेबलावर काय शेरा मारला, त्या टिपणीच्या प्रती मागा. फाइल बहुतेक वेळा तेवढ्यानेच हलते.

त्यापुढचा टप्पा म्हणजे अतिरिक्त आयुक्तांकडे किंवा मुख्याधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार आणि शेवटी उच्च न्यायालयात रिट याचिका. स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. १९८७ च्या कायद्यातच ती तरतूद आहे. उशीर मात्र फार करू नका. पेन्शनचा हक्क बुडत नसला तरी उशिरा कोर्टात गेलेल्यांना थकबाकी साधारणपणे याचिकेच्या आधीच्या तीन वर्षांपुरतीच मिळते.